बुडालेल्या शहरात मुलीला पाठवायचं का?

पत्र (थोडं छोटं केलंय):

"आम्ही २००१ ते २००५ न्यू ऑर्लिन्सला होतो. जेन्टिली भागात, लंडन अ‍ॅव्हेन्यू कॅनॉलपासून चालत पाच मिनिटांवर भाड्याचं घर. मुलगी तीन वर्षांची होती. कॅटरिना वादळ येणार म्हणून २८ ऑगस्टच्या रविवारी सकाळी दोन बॅगा घेऊन ह्यूस्टनला निघालो, तीन दिवसांत परत येऊ म्हणून फ्रिजमधलं दूधसुद्धा तसंच ठेवलं. परत राहायला कधी गेलोच नाही. हे एकदा एकटेच जाऊन घर बघून आले आणि त्यानंतर आमच्या घरात त्या शहराचं नाव निघालं नाही. आता मुलीला तिथेच टुलेन युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळालीय. ती मैत्रिणींबरोबर जाऊन आली, तिच्या मते जगातलं सगळ्यात भारी शहर. हे म्हणतात मी एक पैसा देणार नाही. ओळखीचे अर्धे म्हणतात त्या बुडालेल्या शहरात पोरीला कशाला पाठवताय, अर्धे म्हणतात अहो आता सगळं नवीन झालंय, मस्त झालंय. मला दोघांचाही राग येतो आणि का येतो तेच कळत नाही. मुलीला जाऊ देऊ का? आणि आमचं ते घर एकदा बघून यावं असं सारखं वाटतं, जावं का?
– जेन्टिलीची आई"

ताई, नमस्कार. आधी रागाचंच बोलते, बाकीच्या प्रश्नांचा रस्ता तिथूनच जातो.

"बुडालेलं शहर" म्हणणाऱ्यांच्या डोक्यात टीव्हीवरचे ते चारपाच दिवस आहेत. छपरांवर उभी राहून हात हलवणारी माणसं, सुपरडोम नावाच्या स्टेडियमबाहेरची आसऱ्याला आलेल्यांची गर्दी, गढूळ पाणी. मग बातम्या बदलल्या आणि त्यांच्यापुरतं ते शहर तिथेच थांबलं. "सगळं नवीन झालंय" म्हणणाऱ्यांनी फ्रेंच क्वार्टरमध्ये लाँग वीकेंड काढलाय, रस्त्यावरचा ब्रास बँड ऐकलाय, साखर भुरभुरवलेले बेन्ये खाल्लेत. अहो पण फ्रेंच क्वार्टर बहुतांश बुडालंच नव्हतं! शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तेव्हा नदीकाठची जी उंच पट्टी कोरडी राहिली त्यात ते येतं. म्हणजे जे मोडलंच नाही ते बघून लोक म्हणतात की बघा कसं सावरलं. ज्या बाईचं घर कॅनॉलपासून पाच मिनिटांवर होतं तिला याचा राग नाही येणार तर काय होणार. दोघंही तुम्हाला तुमच्याच घराबद्दल सांगताहेत आणि दोघांनीही ते घर पाहिलेलं नाही.

पण ताई, मला वाटतं तुमच्या घरातही तेच चाललंय. तुमच्याकडचं न्यू ऑर्लिन्स २८ ऑगस्टच्या सकाळचं आहे, कुलूप लावून निघालात तेव्हाचं, अजून सगळं जागच्या जागी असलेलं. यजमानांचं आहे ते परत जाऊन दार उघडलं त्या दिवसाचं. आणि लेकीचं आहे अलीकडचं, गाण्याबजावण्याचं, मैत्रिणींचं. एकाच नावाची तीन शहरं घेऊन तिघं एका टेबलावर जेवायला बसता आणि वाद घालताय अ‍ॅडमिशनचा. फीचा आणि सेफ्टीचा मुद्दा खरा आहे, सेफ्टीवर खाली बोलतेच, पण तो सुटला तरी हा सुटणार नाही.

यजमानांपासून सुरू करू. ते काय बघून आले हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही असं पत्रावरून दिसतंय, आणि तुम्ही विचारलंही नसावं. तिथून परत आलेल्या कितीतरी लोकांनी जे सांगितलंय त्यावरून अंदाज करता येतो. शहरातलं पाणी पूर्ण उपसून व्हायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. सगळ्या घरांच्या भिंतींवर एकाच उंचीवर एक तपकिरी रेघ, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. दाराशेजारी स्प्रेने मारलेली मोठी फुली, तिच्या चार घरांत शोधपथकांनी लिहिलेलं असायचं: डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख, उजवीकडे आत काय धोका आहे ते, आणि खाली आत किती माणसं सापडली, जिवंत की मेलेली. आपल्याच दाराखालचं ते शून्य वाचायचं आणि मग शेजारच्या दाराकडे बघायचं. दार फुगलेलं, ढकलून उघडावं लागायचं. आत फर्निचर तरंगून भलतीकडेच जाऊन बसलेलं, भिंतींवर छतापर्यंत काळी बुरशी. आणि फ्रिज. आठवडेच्या आठवडे वीज नसलेल्या त्या उकाड्यात बंद राहिलेले फ्रिज कोणी उघडायच्या भानगडीत पडत नसे, चिकटपट्टीने गच्च बांधून तसेच फुटपाथवर आणून ठेवायचे, सगळ्या रस्त्यांवर तशा पांढऱ्या फ्रिजांच्या रांगा होत्या. तुम्ही लिहिलंय ना दूध तसंच ठेवलं म्हणून, तो फ्रिज त्यांनी एकट्याने बाहेर काढला असेल ताई. तुमच्याकडे ते घर अजून नीट आवरलेलं आहे, कारण वाईट बघायचं काम त्यांनी एकट्याने केलं आणि घरी येऊन गप्प बसले. त्यांचा नकार मुलीला नाहीये, असं मला तरी वाटतं. तेव्हा "पैसे का देत नाही" हा विषय काही दिवस बाजूला ठेवा आणि फक्त एवढं विचारा की तुम्ही गेलात तेव्हा काय काय दिसलं, मला सांगा. लेक समोर नको. ते बोलले नाहीत तर पुन्हा कधीतरी विचारा, पण विचारा.

त्यांच्या मनात त्या दिवसांतल्या बातम्यासुद्धा घट्ट बसल्या असतील. सुपरडोममध्ये खून पडताहेत, लहान मुलांवर अत्याचार होताहेत, हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडताहेत, शहर म्हणजे जंगल झालंय. यातलं बरंचसं खोटं होतं, तिथल्याच वर्तमानपत्राने महिन्याभरात एकेक अफवा तपासून तसं छापलं होतं. पण अफवा पहिल्या पानावर आल्या आणि दुरुस्ती कोणी वाचली नाही. सुपरडोममध्ये होती ती बहुतेक साधी, थकलेली, गाडी नसलेली माणसं. शहरातल्या साधारण चौथा हिस्सा घरांत गाडीच नव्हती. तुम्ही रविवारी सकाळी निघू शकलात कारण दाराशी गाडी होती, खिशात क्रेडिट कार्ड होतं, ह्यूस्टनला जायला जागा होती. यात तुमचा दोष काही नाही, पण हे डोक्यात असलं की ते टीव्हीवरचे चेहरे वेगळे दिसायला लागतात. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात येतं त्या लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसं पंच्याहत्तरी ओलांडलेली होती. एकूण मृतांचा आकडा आधी १,८०० च्या वर धरायचे, २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरने तो सुधारून १,३९२ केला.

आणि एक गोष्ट तुमच्या ओळखीच्यांना नक्की सांगा, लेकीला तर सांगाच. न्यू ऑर्लिन्स वादळाने बुडालं असं सगळे म्हणतात पण तुमची गल्ली वादळाने बुडाली नाही. कॅटरिना समुद्रावर असताना कॅटेगरी ५ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला गेलं होतं, पण २९ ऑगस्टला किनाऱ्याला लागलं तेव्हा ३ वर उतरलेलं होतं, आणि शहर त्याच्या कमी जोराच्या बाजूला होतं. लंडन अ‍ॅव्हेन्यू कॅनॉलच्या भिंती दोन ठिकाणी फुटल्या आणि १७व्या स्ट्रीटच्या कॅनॉलची एका ठिकाणी, त्या वेळी पाणी भिंतीच्या काठापर्यंत पोचलेलंसुद्धा नव्हतं. पाणी वरून नाही आलं, भिंतच हलली, कारण तिच्याखालचे लोखंडी पत्रे जमिनीत पुरेसे खोल ठोकलेले नव्हते आणि खालची माती-वाळू कमकुवत होती. ज्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर खात्याने, हे बांधलं त्यांच्या प्रमुखांनी २००६ च्या जूनमध्ये ही जबाबदारी जाहीरपणे मान्य केली. याने काय फरक पडतो? माझ्या मते सगळा फरक पडतो. "तिथे राहायला जातातच कशाला, समुद्रसपाटीच्या खाली आहे ते" हे वाक्य गेली वीस वर्षं लोक अगदी सहज फेकतात, जणू तिथल्या माणसांनी आपल्या हाताने ओढवून घेतलं. सरकारने "ही भिंत आहे, निर्धास्त राहा" म्हणून सांगितलं, लोकांनी तिच्या भरवशावर घरं बांधली, भिंत ठरलेल्या ताकदीच्या आधीच पडली. तुमच्या रागात हाही एक धागा असणार, आणि तो रास्त आहे.

आता थोडं तुमच्याबद्दल बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं "आधीचं" शहर फार सुंदर आहे, पत्रात तुम्ही समोरच्या आजींचं, सोमवारच्या राजमा-भाताचं, पोरीला स्ट्रीटकारमधून फिरवण्याचं लिहिलंय (जागेअभावी वर घेतलं नाही) आणि ते सगळं खरं असणार. पण ते शहर २००५ च्या खूप आधीपासून उतरणीला लागलेलं होतं. १९६० च्या जनगणनेत तिथे ६ लाख २७ हजार माणसं होती, २००० मध्ये ४ लाख ८५ हजार. वादळ यायच्या आधीच दीड लाखाच्या आसपास कमी झालेली! शाळांची अवस्था वाईट, चारातला एकहून जास्त माणूस गरिबीरेषेखाली. लोअर नाइन्थ वॉर्ड नावाची वस्ती तर १९६५ च्या बेट्सी वादळातसुद्धा बुडाली होती, आणि त्या वेळी तिथल्या कृष्णवर्णीय म्हाताऱ्या माणसांनी ठामपणे सांगितलं की बांध मुद्दाम उडवला. तसा पुरावा सापडला नाही, पण त्यांना तसं वाटायला कारण होतं, कारण १९२७ च्या महापुरात शहर वाचवण्यासाठी खालच्या अंगाचा बांध खरोखरच डायनामाइट लावून फोडलेला होता आणि शेजारच्या सेंट बर्नार्डमधल्या लोकांची घरं त्यात गेली होती, कबूल केलेली भरपाईही नीट मिळाली नव्हती. बेट्सीनंतर मंजूर झालेलं बांधांचं काम २००५ उजाडलं तरी पूर्ण नव्हतं. म्हणून म्हणते की वादळाच्या आधी सगळं छान आणि नंतर सगळं गेलं अशी सरळ वाटणी तुमच्या गल्लीपुरती खरी असेल, शहरापुरती नाही. कोणाचं "आधी" १९६५ लाच संपलं होतं.

"सगळं नवीन झालंय" हेही असंच गल्लीगल्लीवर आहे. लेकव्ह्यू ही बहुतांश गोऱ्यांची वस्ती आणि लोअर नाइन्थ वॉर्ड बहुतांश कृष्णवर्णीयांची, दोन्ही छपरापर्यंत बुडाले. आज लेकव्ह्यूत जा, मोठी मोठी उंचावर बांधलेली घरं, हिरवळ, दुकानं. लोअर नाइन्थमध्ये गेलात तर एक घर, मग मोकळा प्लॉट, परत मोकळा प्लॉट, कंबरेएवढं गवत, मग एक घर, कुठे कुठे नुसत्या तीन सिमेंटच्या पायऱ्या ज्यांच्यावर चढून कुठेच जाता येत नाही. आणि यात पाण्याचा हात कमी आणि कागदांचा जास्त. घर परत बांधायला जी सरकारी मदत मिळायची, रोड होम नावाची, तिचा हिशोब घराची वादळाआधीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च यातला जो आकडा कमी तो धरून व्हायचा. आता विटा, लाकूड, सुतार यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच, पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराची बाजारकिंमत कमी, म्हणून मदत कमी, म्हणून घर उभंच राहिलं नाही. कोर्टात केस झाली, २०११ मध्ये तडजोड झाली, तोवर सहा वर्षं गेलेली होती, माणसं ह्यूस्टनला, अटलांटाला, बॅटन रूजला रुजून गेली होती. २००० आणि २०१० च्या जनगणनेत शहरातली कृष्णवर्णीय लोकसंख्या एक लाखाहून जास्त कमी दिसते. गोरगरिबांचं मोठं चॅरिटी हॉस्पिटल वादळानंतर पुन्हा उघडलंच नाही, नवीन हॉस्पिटल २०१५ ला सुरू झालं. सार्वजनिक घरांच्या चार मोठ्या वसाहती, त्यातल्या पुष्कळ इमारती दुरुस्त करता आल्या असत्या असं तिथले लोक ओरडून सांगत असताना, पाडल्या. शाळांमधल्या सात हजारांवर कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं. तेव्हा "मस्त झालंय" म्हणणाऱ्याला शांतपणे एवढंच विचारायचं, कोणासाठी?

पण परत आलेल्यांचंही नाव घेतलंच पाहिजे. २००६ च्या जानेवारीत पेपरात एक नकाशा छापून आला, काही वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके. म्हणजे इथे लोकांनी परत यायचं नाही, पुढे बागा करू. ब्रॉडमूर नावाच्या वस्तीतल्या लोकांनी तो नकाशा सकाळी पेपरात बघितला, आपल्या घरावर ठिपका! कोणी ह्यूस्टनला मोटेलात, कोणी बहिणीकडे, कोणी ट्रेलरमध्ये, तरी ती माणसं जमली, बैठका घेतल्या, घरटी माहिती गोळा केली, स्वतःचा प्लॅन स्वतः लिहिला, आणि ब्रॉडमूर आज आहे. बाहेरून बघणाऱ्याला सखल जमीन दिसली आणि त्यांना शेजार दिसला. सप्टेंबर २००६ मध्ये सुपरडोममध्ये पुन्हा मॅच झाली, शहराच्या सेंट्स टीमने अटलांटाला २३-३ ने हरवलं, अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसानेही त्या रात्रीचा आवाज ऐकून बघावा. त्याच छताखाली वर्षापूर्वी काय झालं होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आता लेकीचं. ताई, तुम्ही लिहिलं नाही पण २००१ ला तिथे गेलात आणि २००५ ला ती तीन वर्षांची, म्हणजे तिचा जन्मच तिथला. ज्या गावात आपण जन्मलो त्याचं नाव घरात काढायचं नाही असं वीस वर्षं बघत ती मोठी झालीय. तिला तिथलं संगीत आवडलं असेल, नक्कीच, पण तेवढ्यासाठी कोणी दोन वर्षांचं मास्टर्स निवडत नाही. आणि पब्लिक हेल्थ! तुम्ही जाऊ देऊ का विचारताय, तर तेवीस वर्षांची मुलगी आहे, ती जाणारच. तुमच्या हातात आहे ते एवढंच की ती तयारीने जाते की घरातल्या अबोल्यातून.

तर तयारी. त्या शहरात जमीन नदीजवळ उंच आणि जसजसं उत्तरेच्या पाँचार्ट्रेन तलावाकडे जावं तसतशी खाली उतरत जाते, कारण शेकडो वर्षं मिसिसिपी पुराबरोबर गाळ आणून काठावर टाकत आली, आणि मागची दलदल गेल्या शतकात मोठ्या पंपांनी उपसून कोरडी केल्यावर ती खचत गेली. म्हणून खोली बघताना भाडं आणि बस जेवढं बघते तेवढंच जमिनीची उंची आणि फ्लड झोन बघायला सांगा. तिची स्कूल डाउनटाउनला कॅनॉल स्ट्रीटवर आहे, नदीकडच्या पट्टीत अपटाउनला खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान वरच्या मजल्यावर. भाडेकरूचा साधा इन्शुरन्स पुराचं नुकसान देत नाही, सामानासाठी फ्लड पॉलिसी वेगळी काढावी लागते आणि ती साधारणपणे काढल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नुसत्या पावसानेही रस्ते भरतात, ऑगस्ट २०१७ मध्ये पंप बंद पडून कुठलंही हरिकेन नसताना वस्त्या भरल्या होत्या. मोठा पाऊस येणार असला की तिथले लोक गाड्या रस्त्यामधल्या उंच दुभाजकावर चढवून ठेवतात, शहर तशी परवानगी जाहीर करतं.

आणि बांधांचं म्हणाल तर आज ते २००५ सारखे नाहीत. साधारण साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून सगळी यंत्रणा नव्याने बांधलीय. लेक बोर्नजवळ तीनेक किलोमीटर लांब भिंत आहे. तुमच्या लंडन अ‍ॅव्हेन्यू कॅनॉलच्या तोंडाशी, तलावाजवळ, २०१८ पासून कायमचे दरवाजे आणि पंप आहेत, वादळ आलं की दरवाजे बंद, तलावाचं पाणी कॅनॉलमध्ये शिरतच नाही, आतलं पावसाचं पाणी पंप बाहेर फेकतात. २९ ऑगस्ट २०२१, कॅटरिनाचीच तारीख, आयडा कॅटेगरी ४ चं वादळ म्हणून आलं, शहराभोवतीचे बांध टिकले. पण अख्ख्या शहराची वीज गेली, काही भागांत आठवड्याहून जास्त, आणि शहरात जास्त माणसं पाण्याने नाही तर उकाड्याने गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं होती. दुसरं म्हणजे ही यंत्रणा "शंभर वर्षांच्या" वादळासाठी आहे असं सांगतात, त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांत चारात एक. शिवाय बाहेरची दलदल, जी वादळाचा जोर आधीच मारायची, ती झिजत चाललीय, लुइझियानाच्या किनाऱ्याची १९३२ पासून जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. लेकीला दोन वर्षं राहायला भिण्यासारखं काही नाही असं मी म्हणेन. ती तिथे घर विकत घ्यायचं म्हणाली तर मात्र पुन्हा पत्र लिहा, तेव्हा माझं उत्तर इतकं मोकळं नसेल.

निघायचं कधी हे आधीच ठरवा. आयडा इतकं झपाट्याने वाढलं की संपूर्ण शहर सक्तीने रिकामं करायला वेळच उरला नव्हता, तेव्हा आदेशाची वाट बघायची नाही, मोठं वादळ मेक्सिकोच्या आखातात आलं की निघायचं, तुमचं घर टेक्ससलाच आहे ना. गाडी नसली तर शहरात १७ ठिकाणी हात वर केलेल्या माणसाचे उंच धातूचे पुतळे आहेत, तिथून सक्तीच्या स्थलांतराच्या वेळी बस फुकट नेते. तिच्या खोलीजवळचा कुठला ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायला सांगा. ही सगळी चर्चा तिच्या बाबांनी करावी, असं मला फार वाटतं. पैशांना नाही म्हणणारा माणूस बरेचदा कामाला नाही म्हणत नाही. "तिच्या खोलीची उंची तुम्ही तपासा, निघायचा प्लॅन तुम्ही करून द्या" असं म्हणून बघा.

आणि घर. जा, जरूर जा. ऑगस्ट-सप्टेंबर सोडून जा, वादळाचा मोसमही असतो आणि २९ ऑगस्टच्या आसपास सगळीकडे त्याच आठवणी असतात, पहिल्या भेटीला ते जड जाईल. तुमच्या ओळखीचा रॉबर्ट ई. ली बुलेवार्ड आता सापडणार नाही, २०२२ मध्ये त्याचं नाव अ‍ॅलन टूसॉ बुलेवार्ड झालं, याच भागातले मोठे संगीतकार, त्यांचंही घर कॅटरिनात गेलं, काही वर्षं न्यूयॉर्कला राहून परत आले. कॅनॉल फुटला होता तिथे वॉरिंग्टन ड्राइव्हवर एक घर पुरानंतरच्या अवस्थेत मांडून ठेवलं होतं, आत जायचं नाही, खिडकीतून बघायचं, अजून आहे का ते जायच्या आधी विचारून घ्या. असलं तर ते तुम्ही बघावं असं मला वाटतं, यजमान बरोबर असले तर तुम्ही एकट्या पुढे जा, त्यांना परत तेच बघायची गरज नाही. पुराच्या खुणा दाखवत बस फिरवणाऱ्या टूर घेऊ नका. वादळाच्या दुसऱ्याच वर्षी अशा बस सुरू झाल्या होत्या, लोक चिखल उपसत असताना काचेतून फोटो काढायचे, तिथल्या माणसांच्या मनात ते अजून आहे.

तुमचं घर पाडलेलं असू शकतं, प्लॉट मोकळा असू शकतो, किंवा उंच खांबांवर कोणीतरी नवीन घर बांधलेलं असेल आणि अंगणात त्यांची मुलं खेळत असतील. माणसं राहत असली तर समोरून फोटो काढत उभं राहू नका, दार वाजवा, आम्ही २००५ पर्यंत इथे राहायचो म्हणून सांगा. त्या शहरात हे वाक्य म्हणणाऱ्याला उन्हात उभं करत नाहीत. समोरच्या आजींचं त्यांनाच विचारा, कोण परत आलं आणि कोण नाही हे तिथल्या शेजारात माहीत असतं.

लेकीला घेऊनच जा. सकाळी तुम्ही तिला जेन्टिली दाखवा, जन्मली ते हॉस्पिटल, घर, कॅनॉल, सगळं, आणि संध्याकाळी तिचं जे काय आवडतं शहर आहे ते तिला दाखवू द्या, मध्ये मध्ये "आमच्या वेळी" करू नका. यजमान नाही म्हणाले तर जबरदस्ती नको. पण बुकिंग तिघांचं करा, रद्द करता येईल असं, आणि केलंय हे त्यांना सांगून ठेवा.